घाणा वाढवायचा आहे आणि बँक ‘नंतर या’ म्हणते, तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा: कराड तालुक्यातल्या एका गावात एक ताई तीन वर्षांपासून लाकडी घाण्याचे तेल काढतात. महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास विक्री आहे. आणखी दोन घाणे, फिल्टर, पॅकिंगचे मशीन आणि दिवाळीनंतर भरायचा शेंगदाणा यासाठी त्यांना १२ लाख हवेत. बँकेने दोनदा ‘नंतर या’ म्हणून परत पाठवले. एक एजंट ८ टक्के घेऊन मुद्राचे १० लाख करून देतो म्हणतो. पतसंस्था सासऱ्यांच्या घरावर १४ टक्क्यांनी आठ दिवसांत द्यायला तयार आहे. काय करावे, आणि मिस्टरांना सहकर्जदार घ्यावे का, असे त्यांनी विचारले आहे. सोबत अंदाजपत्रक आणि वहीतले आकडे पाठवले आहेत, त्यामुळे हवेत बोलावे लागणार नाही.

ताई, एजंटाचे आधी सांगतो, कारण ते लवकर संपते. त्याला नाही म्हणा. मुद्रा म्हणजे सरकारी तिजोरीतून वाटायचे पैसे नव्हेत. एप्रिल २०१५ पासून चालू असलेल्या या योजनेत पैसे बँकेचेच असतात आणि द्यायचे की नाही हेही बँकच ठरवते. शिशू ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. २०२४ मध्ये तरुण प्लस म्हणून २० लाखांपर्यंतचा गट आला, पण तो आधीचे तरुण कर्ज फेडलेल्यांसाठी आहे. यात एजंटाने ‘करून देण्यासारखे’ काही नाही. तो काय करतो ते मी बँकेत कर्ज विभागात असताना टेबलाच्या पलीकडून पाहिले आहे. अडीच लाखांच्या मशीनचे चार लाखांचे कोटेशन आणतो. बँक विक्रेत्याच्या खात्यात पैसे टाकते, विक्रेता वरचे दीड लाख रोख परत करतो आणि त्यातून एजंटाचे ८ टक्के निघतात. एकदा माझ्यासमोर एकाच प्रकरणात तीन वेगवेगळ्या दुकानांची कोटेशने आली. तिन्हींमध्ये ‘मशिनरी’ या शब्दात एकच चूक, एकाच जागी. उद्या हप्ता थकला आणि तपासणी झाली की कर्जाचा पैसा दुसरीकडे वळवला हा ठपका तुमच्यावर येतो. एजंटाचा फोन तेव्हा लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. बँकेने तुम्हाला ‘नंतर या’ का म्हटले? घर तारण नाही म्हणून, असे तुम्हाला वाटते. मला तसे वाटत नाही. तुमचे आकडे बँकेच्या बाजूने वाचून दाखवतो.

तुमच्या वहीप्रमाणे १०० किलो शेंगदाण्याला १२ हजार पडतात. त्यातून ४० किलो तेल निघते, ते ३४० रुपयांनी १३,६०० चे. पेंड २,३०० ची. म्हणजे १०० किलोमागे ३,९०० हातात राहतात. महिन्याला तुम्ही साधारण ८०० किलो काढता, म्हणजे ३१ हजार. त्यातून वीज, बाटल्या, मदतनीस बाई आणि गाडीभाडे असे १३ हजार जातात. महिन्याचे १८ हजार, वर्षाचे २ लाख १६ हजार. गावातल्या एका घाण्याला हे वाईट नाही.

पण प्राप्तिकराच्या विवरणपत्रात काय आहे? १५ लाख विक्री आणि ८ टक्क्यांनी १ लाख २० हजार नफा. प्राप्तिकर कायद्यात छोट्या धंद्याला विक्रीच्या किमान ८ टक्के नफा दाखवायची मुभा आहे, डिजिटल जमेवर ६ टक्के, म्हणून तुमच्या कर सल्लागाराने तो किमान आकडा लिहून टाकला. बहुतेक सगळे तेच करतात. बँकेतल्या माणसाने तुमच्या नव्या कर्जाचा वर्षाचा हप्ता काढला, तो १ लाख ६० हजारांच्या वर गेला, आणि समोर कागदावर तुमचे उत्पन्न १ लाख २० हजार. त्याच्या जागी मी असतो तरी मीही ‘नंतर या’च म्हटले असते. फक्त कारण सांगितले असते.

यातली चुटपुट लावणारी गोष्ट अशी की, खरे २ लाख १६ हजार दाखवले असते तरी तुम्हाला कर शून्यच होता. एक रुपयाही वाचलेला नाही, कर्ज मात्र अडले. कायदा ८ टक्के ‘किंवा प्रत्यक्षात जास्त असेल तर तितके’ असे म्हणतो, हा दुसरा अर्धा भाग कोणी वाचत नाही. पुढच्या विवरणपत्रात जे खरे आहे ते दाखवा. मात्र कर्जासाठी नफा फुगवून दाखवू नका. तेही काही जण करतात, आणि खात्यातल्या नोंदी शेजारी ठेवल्या की ते लगेच उघडे पडते.

खात्याचीही तीच कथा. सव्वा लाखाची विक्री तुम्ही सांगता, पण तुमच्या चालू खात्यात महिन्याला ४० हजारांच्या आसपासच जमा दिसते. बाकीचे कुठे जाते? दुकानातला क्यूआर कोड मिस्टरांच्या बचत खात्याचा आहे, आणि रोख आलेले पैसे शेंगदाणेवाल्या शेतकऱ्याला परस्पर दिले जातात. व्यवहार खोटा नाही, पण बँकेला तो दिसत नाही. रोख आली तर ती आधी खात्यात भरा, मग काढून द्या. दोन फेऱ्या पडतील, पडू द्या. क्यूआर कोड तुमच्या चालू खात्याचा लावा. सहा महिने एवढेच केलेत तर तुमचे खाते स्वतःच बोलू लागेल, प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये मी कितीही छान भाषा लिहिली तरी तिचा तेवढा उपयोग नाही. (प्रोजेक्ट रिपोर्ट करून देणे हा माझा आजचा धंदा आहे, तरी सांगतो.)

आणि एक कागद असा आहे की ज्याच्याकडे अर्जदाराचे लक्ष नसते, बँकेतल्या जुन्या माणसाचे असते: वीजबिल. तीन अश्वशक्तीची मोटर तासाला सव्वादोन युनिट खाते. ८०० किलोला एका घाण्यावर साधारण ६५ तास लागतात, म्हणजे दीडशे युनिटच्या आसपास बिल यायला हवे. तुमचे तेवढे येते, मी पाहिले. एकदा एका पिठाच्या गिरणीची पाहणी करायला गेलो होतो. मालक महिन्याचे चार लाख सांगत होते आणि मीटरवर महिन्याचे साठ युनिट पडलेले. चहा घेतला आणि निघालो. तुमच्या बाबतीत हा कागद तुमच्या बाजूने आहे, तो फाइलमध्ये वर लावा, बारा महिन्यांची बिले.

आता त्या १२ लाखांची उकल करू. तुम्ही एकच आकडा मागता आणि तिथेच मांडणी बिघडते. अंदाजपत्रकात दोन घाणे ४ लाख ८० हजार, फिल्टर आणि पॅकिंग १ लाख २० हजार, वायरिंग आणि पत्र्याची शेड १ लाख, आणि शेंगदाणा ५ लाख. पहिले ७ लाख यंत्रासाठी आणि जागेसाठी आहेत. ते पाच-सात वर्षे कमावून फेडायचे पैसे, म्हणून त्यांना मुदत कर्ज. शेंगदाण्याचे ५ लाख चार महिन्यांत तेल होऊन परत यायचे आहेत, म्हणून त्यांना कॅश क्रेडिट, ज्याला सगळे सीसी म्हणतात. सीसी विहिरीसारखी असते, उपसा झाला की पुन्हा पाणी आले पाहिजे. त्या पैशातून मशीन घेतले की विहिरीत दगड टाकल्यासारखे होते: खाते कायम मर्यादेला टेकलेले, व्याज भरायलाही जागा नाही, आणि माल घ्यायला हातात काही नाही. उलट चूकही तेवढीच होते. मालासाठी पाच वर्षांचे मुदत कर्ज घेतले की पहिल्या हंगामात पैसे सुटतात, घरखर्चात किंवा घराच्या स्लॅबमध्ये जातात, आणि पुढच्या दिवाळीला शेंगदाण्याला पुन्हा पैसे नसतात. हप्ता मात्र चार वर्षे उरलेला.

तुमच्यासारख्या छोट्या उद्योगाला सीसी किती द्यायची याचा ढोबळ हिशेब रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीच्या काळापासून, म्हणजे १९९० च्या दशकापासून ठरलेला आहे. वर्षाच्या अंदाजित विक्रीच्या २५ टक्के एवढे खेळते भांडवल लागते असे धरायचे, त्यातले विक्रीच्या २० टक्के बँकेने द्यायचे आणि ५ टक्के तुम्ही घालायचे. आज तुमची विक्री १५ लाख आहे. दोन घाणे वाढवून पुढच्या वर्षी २४ लाख होईल असे म्हटले तर बँक मान डोलावेल. ५० लाख लिहिले तर फाइल मिटवेल. २४ लाखांचे २० टक्के म्हणजे ४ लाख ८० हजार.

पण मर्यादा मंजूर झाली म्हणजे तेवढे पैसे काढता येतात असे नाही, हे पहिल्यांदा सीसी घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे माल आणि उधारीचा तक्ता, द्यायचे, त्यावरून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्या महिन्यात काढता येणारी रक्कम, निघते. समजा डिसेंबरअखेर तुमच्याकडे ४ लाखांचा शेंगदाणा आणि तेल आहे, आणि त्यातल्या ५० हजारांच्या मालाचे पैसे आडत्याला द्यायचे बाकी आहेत. बँक ते ५० हजार वजा करते आणि उरलेल्या साडेतीन लाखांतून २५ टक्के कापते. राहिले २ लाख ६२ हजार ५००. दुकानदारांकडे उधारी दीड लाख, त्यातली ४० हजारांची ९० दिवसांपेक्षा जुनी, ती धरतच नाहीत. उरलेल्या १ लाख १० हजारांतून निम्मे कापले असे धरू, म्हणजे ५५ हजार. एकूण ३ लाख १७ हजार ५००. मर्यादा ४ लाख ८० हजार असो की ८ लाख, त्या महिन्यात तुम्हाला एवढेच काढता येणार. उधारीवर किती कापायचे ते बँकेप्रमाणे बदलते, रीत हीच.

म्हणून माझे मत असे: पहिल्या वर्षी साडेतीन लाखांची सीसी मागा. यंत्रांच्या ७ लाखांत १० टक्के, म्हणजे ७० हजार, तुम्ही घाला आणि ६ लाख ३० हजार मुदत कर्ज मागा. बेरीज ९ लाख ८० हजार. हा आकडा मुद्दाम १० लाखांच्या आत ठेवला आहे. मुद्राच्या तरुण गटात ते बसते. शिवाय सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचे नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१० पासून बँकांना सांगितलेले आहे. सासऱ्यांच्या घराचा विषयच निघायला नको. एक वर्ष खाते नीट फिरले की नूतनीकरणाच्या वेळी सीसी वाढवून मागा. तेव्हा तुम्ही ओळखीच्या ग्राहक असाल.

११ टक्के व्याज धरले तर ६ लाख ३० हजारांचा पाच वर्षांचा हप्ता १३,७०० च्या आसपास येतो, वर्षाचे १ लाख ६४ हजार. आजच्या १८ हजारांत तो ओढाताणीने बसेल, महिन्याची विक्री २ लाखांवर गेली की आरामात बसेल. मधला काळच धोक्याचा आहे. घाणे बसवायला, वायरिंग करायला, महावितरणकडून भार वाढवून घ्यायला तीन-चार महिने सहज जातात आणि हप्ता त्याआधी सुरू झाला तर जुन्या घाण्याची कमाई त्यात जाते. सहा महिन्यांची सवलत मुदत मागा. त्या काळातही व्याज लागते, ते दर महिन्याला भरत राहा. वीजभाराचा अर्ज कर्जाची वाट न पाहता आधी करा.

तारणाबद्दल व्यवस्थापकांशी वाद घालू नका. नियम दाखवून कोणी कर्ज देत नाही. ‘साहेब, सीजीटीएमएसई किंवा मुद्राच्या हमीत हे बसवता येईल का?’ असे विचारा. सीजीटीएमएसई हा २००० साली सुरू झालेला छोट्या उद्योगांच्या कर्जांचा हमी निधी आहे; असा निधी कर्ज बुडाले तर बँकेला मोठा हिस्सा भरून देतो, त्याचे वार्षिक शुल्क बहुतेक वेळा कर्जदाराकडून घेतात. ही हमी तुम्हाला नव्हे, बँकेला आहे हे मात्र लक्षात असू द्या. तुमचे देणे माफ होत नाही. पुष्कळ शाखाधिकारी तरीही घर मागतात, कारण प्रकरण बिघडले तर तीन वर्षांनी जाब त्यांना विचारला जातो. त्यांची ती भीती खरी आहे. ती कमी करायची असेल तर तुमचे खाते आणि तुमची वीजबिले पुढे करा.

अनुदानाचे म्हणाल तर गावात सगळे ‘पीएमईजीपी कर, ३५ टक्के सुटतात’ असे सांगतील. ते ३५ टक्के नव्या उद्योगासाठी आहेत, चालू घाण्याला नाहीत. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचेही तेच. मग कोणी सुचवेल की जावेच्या नावाने नवा घाणा दाखवा. शेड तीच, मीटर तोच, पाटी नवी. पाहणीला माणूस येतो, आणि गावात घाणा कोणाचा हे त्याला पानटपरीवरही कळते. तुमच्यासाठी खरी जुळणारी योजना अन्नप्रक्रियेची, पीएमएफएमई. २०२० साली ती आली ती मुख्यतः चालू असलेल्या छोट्या अन्नप्रक्रिया घटकांसाठीच; पात्र खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान. फक्त यंत्रांचे ६ लाख धरले तरी २ लाख १० हजार होतात. ती सध्या नवे अर्ज घेत आहे का, हे तालुका कृषी कार्यालयात जाऊन विचारा. तिथून जिल्हा संसाधन व्यक्तीचा पत्ता मिळेल, तो अर्ज भरायला मदत करतो. अनुदान तुमच्या हातात येत नाही. कर्जखात्याला जोडून ठेवतात आणि तीन वर्षे खाते व धंदा नीट चालला तर कर्जात वळते करतात. मशीन मंजुरीआधी उचलून आणू नका. दिवाळीच्या सवलतीत घाणा आणला आणि अनुदान हुकले, असे दोन जण मला एकाच वर्षी भेटले. आणि कर्जाची मांडणी अनुदान धरून करू नका. हप्ता अनुदानाशिवाय झेपला पाहिजे.

पतसंस्थेला मी वाईट म्हणणार नाही. साताऱ्या-सांगलीकडचे निम्मे छोटे धंदे पिग्मीवर आणि पतसंस्थेवर उभे आहेत. रोज दुकानात येणारा पिग्मीवाला तुमचा धंदा बँकेच्या अधिकाऱ्यापेक्षा चांगला ओळखतो. पण तुमच्या प्रस्तावात दोन गोष्टी विचारून घ्या. एक, हे १४ टक्के घटत्या शिलकीवर आहेत की सरळ मूळ रकमेवर? सरळ असतील तर एक लाखाला तीन वर्षांत ४२ हजार व्याज पडते. बँकेच्या पद्धतीने मोजले तर ते २४ टक्क्यांच्या जवळ जाते. दोन, कर्जातून शेअर्सचे म्हणून किती कापणार? आणि घराबद्दल: थकले तर पतसंस्थेला दिवाणी दावा लावत बसावे लागत नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळतो आणि जप्तीची पाटी घराला लागते. सासरे त्या घरात राहतात. धंदा तुमचा, घर त्यांचे. माझ्या मते ही गाठ मारू नका.

हंगामात एक-दीड लाख कमी पडले तर बँकेचे सोनेतारण घ्या, चार महिन्यांत सोडवा. पाटल्या गहाण ठेवायला मन धजत नाही हे मला माहीत आहे, माझ्या घरीही धजत नाही. पण बाजारातल्या रोजच्या वसुलीवाल्याकडे जाण्यापेक्षा ते कितीतरी बरे. तो १० हजारांतले एक हजार आधीच कापून ९ हजार देतो आणि शंभर दिवस रोज शंभर रुपये नेतो. ऐकायला दहा टक्के वाटतात. वर्षाच्या हिशेबाने ते ७५ टक्क्यांच्या वर जातात.

अर्ज करण्याआधी तुमचा आणि मिस्टरांचा सिबिल अहवाल काढा. सिबिलसारख्या पतमाहिती ठेवणाऱ्या चारही संस्थांनी वर्षातून एकदा तो पूर्ण स्वरूपात फुकट द्यायचा असतो. बचत गटातून घेतलेले, मायक्रोफायनान्सचे, मोबाइलच्या हप्त्यांचे, सगळे त्यात दिसते. मी जामीनदारामुळे अडलेली प्रकरणे कर्जदारामुळे अडलेल्यांइतकीच पाहिली आहेत. एका सुताराचे ४ लाखांचे प्रकरण अडले ते अठराशे रुपयांवर. फ्रिजच्या हप्त्यांतला शेवटचा राहिला होता आणि दुकान केव्हाच बंद पडले होते. अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा असेल तर तो चांगला समजू नका. त्याचा अर्थ बँकेने कमी घेऊन विषय मिटवला असा होतो आणि पुढची बँक तो तसाच वाचते.

कागदांचे फार सांगत नाही. उद्यम नोंदणी फुकट आहे, आधारवर होते, तिचे दोन हजार मागणाऱ्या संकेतस्थळांकडे जाऊ नका. अन्न परवाना, दुकान नोंदणीची पोच, ग्रामपंचायतीचा दाखला, जागेचा ८-अ, तीन वर्षांची विवरणपत्रे, बारा महिन्यांचा खातेउतारा, जीएसटी क्रमांक असलेली कोटेशने. शेड सासऱ्यांच्या जागेत आहे, तर त्यांचे संमतिपत्र किंवा भाडेकरार लागेल. तो गहाणखत नव्हे, हे त्यांना आधी समजावून सांगा, नाहीतर घरात उगीच वादळ उठेल.

चालू खाते आहे त्याच शाखेत जा. मार्चमध्ये आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नको. दुपारी चारनंतर गर्दी ओसरते. शेंगदाणा दिवाळीच्या सुमारास येतो, म्हणून अर्ज ऑगस्टअखेर आत गेला पाहिजे. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, किंवा जनसमर्थ पोर्टलवरून भरा, तिथे तारीख आपोआप नोंदते. २५ लाखांपर्यंतच्या अशा कर्जावर १४ कामकाजी दिवसांत निर्णय कळवायचा असतो. नकार आला तर कारण लेखी मागा. पोच नसलेला अर्ज बँकेच्या लेखी झालेलाच नसतो, आणि तुमचे मागचे दोन्ही अर्ज तसलेच होते.

मंजुरीच्या वेळी मुदत कर्जाचे मुख्य तथ्यपत्रक मागून घ्या. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते देणे बंधनकारक आहे. व्याज, प्रक्रिया शुल्क, विमा, सगळे धरून कर्ज प्रत्यक्षात किती टक्क्यांनी पडते ते त्यात एका आकड्यात असते. मालाचा आणि यंत्रांचा विमा घ्यावाच लागतो, तेलाच्या धंद्यात तो हवाच. आयुर्विम्याची पॉलिसी सोबत सरकवली तर ती अट आहे का, हे लेखी विचारा. बहुतेक वेळा पॉलिसी गुपचूप मागे घेतली जाते.

तुमच्या आकड्यांत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती उधारीची. पुण्यातल्या दोन सेंद्रिय दुकानांकडे तीन-तीन महिने पैसे अडकतात, असे तुम्ही लिहिले आहे. सीसीच्या हिशेबात ती उधारी शून्य धरली जाते हे वर पाहिलेच, म्हणजे त्या मालाचे व्याज तुम्ही भरता आणि मर्यादाही तुमचीच कमी होते. तुम्ही उत्पादक आहात, उद्यम नोंदणी असेल तर २००६ च्या कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. एवढ्याशा रकमेसाठी कोणी दावा लावत नाही, हे मलाही कळते. पण बिलाच्या तळाला उद्यम क्रमांक आणि ‘४५ दिवसांत देय’ ही ओळ छापा. दुकानदाराचा सीए ती ओळ पाहतो, कारण मुदत उलटूनही पैसे मार्चअखेर थकलेलेच राहिले तर त्या खरेदीची प्राप्तिकरातली वजावट त्या वर्षी मिळत नाही. त्या एका ओळीने माझ्या काही ग्राहकांचे पैसे मार्चअखेर आपोआप आले.

मिस्टरांचे शेवटी. त्यांना सहकर्जदार घ्यायला हरकत नाही, बँक बहुधा मागेलच. पण त्यांच्या नावावर ट्रॅक्टरचे कर्ज आहे आणि मागच्या वर्षीचे दोन हप्ते मागेपुढे झाले, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. ते आज पूर्ण भरलेले आहे का, याची पावती काढा. नसेल तर आधी ते भरा, निदान महिनाभर जाऊ द्या, अहवालात ते नियमित दिसते का पाहा, आणि मगच त्यांची सही अर्जावर घ्या. उसाचे बिल यायचे थांबले असेल तर तसे व्यवस्थापकांना आधीच सांगून टाका, साखर कारखान्याच्या पावतीसकट. कराडच्या शाखेत बसणाऱ्या माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही.